बिनपरवान्याचे तांदूळ

शिरोड्याच्या बाजारात भाई आरोसकरांचं दुकान होतं. नाव हरिश्चंद्र, पण त्या नावाने त्यांना फक्त कोर्टात पुकारलं असेल. दुकानात सुंभ, खराटे, कंदिलाच्या काचा, आमसुलं आणि मोसमात काजू. ह्या सगळ्या मालात एकच गोष्ट सारखी होती, त्याला परवाना लागत नव्हता. सरकारने एखाद्या जिनसेला परवाना लावला की ती भाईंच्या दुकानातून हद्दपार. आधी तांदूळ गेले, मग साखर गेली, मग रॉकेल गेलं, आणि त्यांच्या मागोमाग गिऱ्हाईक गेलं. समोर बाळा नावाच्या व्यापाऱ्याचं दुकान. बाळाच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी कमी आणि परवान्यांच्या चौकटी जास्त. त्याच्याकडे उभं राहायला जागा नसायची.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. भाईंच्या हिशेबी मीसुद्धा सरकारी मालच. पोरांना शिकवायला सरकार कशाला हवं, मास्तर गावाने ठेवावा आणि गावाने पोसावा, असं ते मला तोंडावर सांगत. गावाने पोसायचं म्हणजे चतुर्थीला एक नारळ आणि वर्षभर सल्ला, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी शाळा सुटली की माझे पाय त्यांच्याच दुकानाकडे वळायचे. बाजारात दुसऱ्या कोणाशी वाद घालण्यात मजा नव्हती. बाकीचे सगळे माझ्याच बाजूचे होते.

तीस सालच्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला तेव्हा भाई सतरा वर्षांचे होते. पहिल्या रांगेत होते. लाठी डाव्या खांद्यावर बसली, हाड वाकडंतिकडं जुळलं, आणि सदरा त्या बाजूने कायमचा घसरलेला राहिला. पुढे काही महिने तुरुंग झाला. त्या दिवसाचा अर्थ भाईंच्या डोक्यात अगदी साधा होता. आपल्या किनाऱ्यावरचं मीठ उचलायला सरकारला विचारावं लागू नये म्हणून आपण मार खाल्ला. इतरांच्या डोक्यात अर्थ वेगळा होता. सरकार गोऱ्यांचं होतं म्हणून मार खाल्ला, असं ते समजत. इंग्रज असेपर्यंत ह्या दोन अर्थांत काही फरक दिसत नव्हता. स्वराज्य आलं आणि तो उघडा पडला.

सायकलला पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागतो असं कळल्यावर भाईंनी सायकल पडवीत उलटी टांगली आणि चालत फिरू लागले. रेडिओचं लायसन पोस्टात जाऊन काढायचं, म्हणून घरात रेडिओ आला नाही. सरकार म्हणजे कुंपण, असं त्यांचं म्हणणं. ढोरं आत शिरू नयेत एवढंच त्याचं काम. कुंपणच शेतात उतरलं तर काय होतं ते आपल्या वाडवडलांनी म्हणीत सांगून ठेवलं आहे. मी म्हणायचो, भाई, कुंपण नसलेल्या शेतात आधी खोताची ढोरं शिरतात. ते म्हणायचे, म्हणून तर कुंपण हवं म्हणतो मी, मास्तर, पण कुंपणाला दात नकोत.

आमचा मुलूख तेव्हा समाजवाद्यांचा. शाळामास्तर, वकील, मुंबईच्या गिरणीतून मनिऑर्डर पाठवणारे चाकरमानी, सगळ्यांची श्रद्धा एकच, की गरिबाचं भलं व्हायचं तर ते सरकारच करणार. मीही त्यातलाच, आणि अजूनही बराचसा आहे. अशा मुलखात भाई बासष्टच्या निवडणुकीला परवाने नकोत म्हणणाऱ्या नव्या स्वतंत्र पक्षाची पत्रकं काखोटीला मारून वाडीवाडीतून हिंडले. लोक पत्रक हातात घ्यायचे, बरं आहे म्हणायचे, आणि संध्याकाळी त्यात सुके बांगडे बांधायचे. मतं किती पडली ते सांगण्यासारखं नाही.

घरात आनंदीबाई होत्या, भाईंची बायको. तत्त्वाची भूक तत्त्वाने भागत नाही हे घरात एकट्या त्यांनाच कळत होतं. स्वातंत्र्यासाठी तुरुंग भोगलेला राजकीय पीडित म्हणून सरकारने भाईंना रास्त भावाच्या धान्याचं दुकान देऊ केलं. भाईंनी नको म्हटलं. ते दुकान बाळाला मिळालं, आणि बाळाने माडीवर कौलं चढवली. त्या दिवशी आनंदीबाई माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "तुरुंगात सरकारची भाकरी खाल्ल्यात, तेवा चल्ला. आता सरकारच्या दुकानार चूल पेटली तर चलना नाय?"  उत्तर सुचलं नाही म्हणून मत बदलणाऱ्यांतले भाई नव्हते.

चौसष्टच्या हंगामात भातावर लेव्ही आली. ठरवून दिलेलं भात सरकारला घालायचं, आणि उरलेलंही परवान्याशिवाय हद्दीबाहेर न्यायचं नाही. मुंबईत रेशनच्या रांगा लागल्या होत्या, व्यापारी कोठारं दाबून बसले होते, आणि सरकारने दुसरं काय करायला हवं होतं हे मला आजही सांगता येणार नाही. पण आमच्याकडे तो कायदा येऊन बसला तो खाडीवर. खाडीपलीकडे गोवा. गोवा सुटून तीन वर्षं झाली होती. पोर्तुगिजांचा शिपाई गेला म्हणून आम्ही पेढे वाटले होते, आणि आता आमच्या बाजूच्या धक्क्यावरच्या नव्या नाक्यावर आमचाच शिपाई येणाऱ्याजाणाऱ्याच्या पिशव्या चाचपत उभा राहिला. निम्म्या शिरोड्याच्या लेकी पलीकडे पेडण्याकडे दिलेल्या. लेकीकडे तांदूळ नेणं हा गुन्हा झाला.

लोकांनी अर्थातच सोय काढली. आमची माणसं कायद्याशी भांडत नाहीत, त्याला वळसा घालतात. अंधार पडला की दत्ताराम तारी मासळीच्या टोपल्यांखाली तांदूळ घालून होडी पलीकडे न्यायचा. नाक्यावरच्या होमगार्डाच्या घरी पसाभर पोचायचे. दुसऱ्या दिवशी सगळे एकमेकांना राम राम करायला मोकळे. भाईंना लेव्हीपेक्षा ह्याची चीड जास्त. आपला माल लपवून नेणारा माणूस आपणच आपल्याला चोर ठरवतो, असं ते म्हणत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. गिऱ्हाईक आधीच थोडं होतं.

शेवटी त्यांनी ठरवलं, की सव्वीस जानेवारीला दिवसाढवळ्या उघड्यावर तांदूळ घेऊन धक्क्यावर जायचं. परवाना दाखवायचा नाही, अडवलं तर अटक करून घ्यायची. आणि तीस सालची रीत म्हणून मामलेदारांना आधी कळवलं, की अमुक दिवशी अमुक वेळी मी तुमचा कायदा मोडणार आहे. मी म्हटलं, भाई, चोराने कधी पाटलाला सांगून दरोडा घातला होता? ते म्हणाले की सत्याग्रह सांगूनच करायचा असतो, आणि आपण चोर नाही हेच तर दाखवायचं आहे. माझी नोकरी सरकारी, तेव्हा बरोबर चला असं त्यांनी मला कधी म्हटलं नाही.

मग त्यांनी गावकराकरवी देवळात गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गावकर देवीपुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेली माणसं एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. कोणाचं ढोर हरवलेलं असो, कोणाला मुंबईत नोकरी लागायची असो, सगळ्याला व्हय. नाही म्हणायची तिथे वहिवाटच नाही. त्या दिवशी गावकराने आवाज लावला, "बा माऊले म्हाराजा, ह्या तुज्या लेकरान आपल्या कष्टाचो तांदूळ उजळ माथ्यान खाडीपलीकडे नेवचो म्हणून मनात धरल्यान आसा, तेच्या पाठी सगळो गाव उभो कर म्हाराजा." आणि सभामंडप हादरेल असा 'व्हय म्हाराजा' झाला. बाळासुद्धा ओरडला. भाईंचे डोळे भरून आले. उभा जन्म शिरोड्यात काढलेल्या माणसाने तो होकार खरा मानला. ह्याला भोळेपणा म्हणायचं की गर्व, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागे खांबाशी तुळसा उभी होती. तिचा नवरा खूप आधी वारला होता. खाडीच्या वाटेवर तिचे भाताचे दोन कुणगे, अंथरुणाएवढी दोन शेतं. आधी ती ते दुसऱ्याचं कूळ म्हणून कसायची, कुळकायद्याने ते तिच्या नावावर झाले. त्यातलं लेव्हीचं भात तिने मुकाट्याने सरकारला घातलं होतं. एकुलती एक मुलगी सीता खाडीपलीकडे दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते. आमच्यात बाळंतिणीची पहिली पेज माहेरच्या शेतातल्या उकड्या तांदळाची लागते, आणि ते तांदूळ आईने स्वतः नेऊन द्यायचे. नाही नेले तर मुलीला सासरी जन्मभर ऐकावं लागतं. सीताची सासू ऐकवणाऱ्यांतली होती. तुळसाचं दत्तारामशी बोलणं झालेलं होतं. एका रात्री तो तिला आणि तांदळाला पलीकडे सोडणार होता, आणि काही बिघडणार नव्हतं.

पण गाऱ्हाण्याच्या दुसऱ्या दिवशी ती भाईंच्या दुकानात आली. शाळेच्या झेंड्याला दोरी हवी होती म्हणून मीही तिथेच होतो. भाई तिला समजावू लागले, की तुझ्या घामाचे तांदूळ, तुझी लेक, आणि तू काळोखात मासळीखाली लपवून का नेतेस? ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भाईनू, धरल्यानी तर?"

"धरल्यानी तर पयलो माका धरतले," भाई म्हणाले. "मी फुड्यात आसतलंय. माका धरल्याबिगर तुज्या पाटयेक कोण हात लावचो नाय."

तुळसाने मान डोलावली. ती सत्याग्रहाला निघाली नव्हती, तिला तांदूळ पोचवायचे होते. सगळा गाव जाणार, पुढे भाई असणार, मग त्यात आपली एक पाटी सहज जाईल, असा तिचा हिशेब. आणि भाईंनी आयुष्यात कोणाला खोटं सांगितलेलं नव्हतं. ह्या शब्दावर तिने दत्तारामला नको म्हणून सांगितलं.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झालं. दरवर्षी झेंडा भाईंच्या हातून वर जायचा, त्या साली ते आले नाहीत. मुलांना खाऊ वाटून मी बाजारात आलो तेव्हा भाई दुकानासमोर उभे होते. धुतलेली खादी, उजव्या खांद्यावर तांदळाची पिशवी. बाजार चालू होता, पण भाईंच्या आजूबाजूला मोकळी जागा पडली होती. गावकराच्या पायात कळ आली होती. कोणी पहाटेच तालुक्याला गेला होता, कोणाची गाय व्यायला झाली होती. बाळा आपल्या दारात उभा राहून सुपारी कातरत होता आणि मला डोळ्याने खुणावत होता. भाईंनी कोणाची वाट पाहिली नाही. तेवढ्यात वाटेवरून तुळसा आली, डोक्यावर पाटी, पाटीत दोन पायल्या उकडे तांदूळ, वरती काहीही न झाकता. तिने इकडेतिकडे पाहिलं. बाकीचे खंय, असं तिने विचारलं नाही, पण तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. भाई म्हणाले, चल. ती निघाली. परत फिरायची तिला लाज वाटली असेल. मी त्यांच्या मागून गेलो, कारण तमाशा पाहायची मला हौस होती, आणि त्यात काही लपवण्यासारखं नाही.

नाक्यावर फौजदार स्वतः हजर होते. घाटावरचा तरुण माणूस, नुकताच बदलून आलेला. झेंडावंदनाहून आल्यामुळे पूर्ण गणवेशात, बूट चकचकीत. भाईंना पाहताच त्यांनी टाचा जुळवून सलाम ठोकला आणि म्हणाले, आज झेंड्याला तुमची उणीव भासली. भाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कचेरीतली मराठी काढली. हे तांदूळ आहेत, माझ्याजवळ परवाना नाही, मी हे पलीकडे नेणार आहे, मला अटक करा. फौजदार म्हणाले, तुमच्या पिशवीत काय आहे ते मी पाहिलेलं नाही. भाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि पसाभर तांदूळ त्यांच्या बुटांसमोर ओतले. फौजदारांनी होमगार्डाला हाक मारली. त्याने वाकून तांदूळ गोळा केले, फुंकर मारून माती उडवली, पिशवीत भरून गाठ मारली आणि पिशवी नेऊन होडीत ठेवली. हे सगळं इतक्या अदबीने चाललं होतं की मला हसू आवरेना. 

"तुम्ही मार खाल्लात म्हणून ही वर्दी आमच्या अंगावर आली, भाई," फौजदार म्हणाले. "तुम्हाला मी हात लावू?"

आणि मग त्यांनी भाईंच्या खांद्यावरून मागे पाहिलं. आवाज बदलला. "ए बाई, पाटी उतर."

भाई मधे गेले. ती माझ्याबरोबर आहे, माझ्या सांगण्यावरून आली आहे, धरायचं तर मला धरा, असं ते ओरडून सांगू लागले. फौजदारांनी त्यांना हलकेच बाजूला घेतलं. मी जवळ होतो, मला ऐकू आलं. तुमचं कळवणं मामलेदार साहेबांकडे पोचलं आहे, ते म्हणाले. वरून स्पष्ट हुकूम आहे, भाईंना हात लावायचा नाही, पेपरात बोभाटा नको. पण आज नाक्यावर कायदा मोडला जाणार हेही सगळ्यांना माहीत आहे. मोकळ्या हाताने मी वर काय तोंड दाखवू? एक तरी केस हवी.

त्याच नाक्यावरून रोज रात्री होडीभर तांदूळ जात होता आणि कोणाला केस लागत नव्हती. भाईंनी आधी कळवलं म्हणून केस लागली, आणि भाईंना धरता येत नाही म्हणून तुळसाला धरलं. मला अजूनही हे आठवलं की कोणाला शिव्या द्याव्या ते कळत नाही, म्हणून भाईंना आणि सरकारला, दोघांनाही देतो.

तांदूळ जप्त झाले. तुळसाला यष्टीने तालुक्याच्या चौकीत नेलं. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त पाटी तरी परत द्या म्हणाली. पाटीही मुद्देमालात गेली. भाई त्याच यष्टीत चढले. चौकीच्या पायरीवर ते दोन दिवस बसून होते. मला अटक करा म्हणून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोलिसाला सांगत होते, आणि प्रत्येक पोलीस त्यांना नमस्कार करून आत जात होता. आनंदीबाईंनी दोघांसाठी डबे पाठवले. भाईंचा तसाच परत आला.

तिसऱ्या दिवशी त्यांना मामलेदारांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, तीस सालच्या आठवणी विचारल्या. मग म्हणाले, बाई अडाणी आहे, तिला कायदा ठाऊक नव्हता, तुमच्या बोलण्याने ती बहकली, ह्यापुढे असं होणार नाही, एवढं तुम्ही लिहून दिलंत तर मी केस पुढे जाऊ देत नाही. एरवी दंड होईल, नाही भरला तर तुरुंग. ज्या माणसाने सायकलच्या बिल्ल्यासाठी सरकारपुढे हात पसरला नाही, त्याने टाक उचलला आणि सांगितलं तसं शब्दन्‌शब्द लिहिलं. खाली सही केली. मामलेदार खूश झाले. राजकीय पीडितांना घरगुती वापराचे तांदूळ न्यायला परवाना मिळतो, म्हणाले, तुम्ही कधी मागितलाच नाहीत. आणि त्यांनी दोन पायल्यांचा परवाना भाईंच्या नावाने काढायला सांगितला. भाई नको म्हणाले नाहीत. सीतापर्यंत तांदूळ पोचले पाहिजेत, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं. हे सगळं त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तुळसा सुटून आली. जप्त झालेले तांदूळ सुटले नाहीत. इकडे परवान्यावर दुसऱ्या एका साहेबाचा शिक्का हवा होता आणि तो साहेब दौऱ्यावर होता. शिक्का होऊन परवाना भाईंच्या हातात येईपर्यंत आठवडा गेला. ज्या संध्याकाळी तो आला त्याच संध्याकाळी भाई आपल्या घरचे चांगले निवडलेले तांदूळ घेऊन निघाले. वाटेत मला म्हणाले, चला, मास्तर. त्यांना एकट्याने तिच्या दारात जायचा धीर होत नव्हता.

तुळसा खळ्यात बसून सुपाने कोंडा पाखडत होती. उखळाजवळ मुसळ पडलं होतं. घरात भाताची कणगी होती, ती आडवी, उघडी आणि रिकामी. भाईंनी तांदळाची पिशवी तिच्यापुढे ठेवली, वर परवाना ठेवला, आणि म्हणाले, उद्या उजेडी जाऊन देऊन ये, आता तुला कोणी अडवणार नाही.

तिने परवान्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तांदूळ गेले, भाईनू," ती म्हणाली. "सीता बाळात झाली. घरात बियाण्याचा भात होता, ता उकडलंय, कांडलंय. दत्तारामान रातचे माका आनी तांदळाक पलीकडे सोडल्यान. पेज तिच्या तोंडाक लागली."

बियाण्याचं भात म्हणजे पुढच्या पावसात पेरायचं भात. दुष्काळातही आमच्याकडे त्याला हात लावत नाहीत. भाई उखळाच्या कडेला बसले. म्हणाले, मी पोलिसांना शंभरदा सांगितलं मला धरा म्हणून, त्यांनी धरलं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं. मी शब्द मोडला नाही, एवढंच त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

तुळसा भयंकर संतापलेली होती. संताप आवरून बोलत होती, म्हणून एकेक शब्द सुटा ऐकू येत होता.

"तीस सालात फुड्यात होते तेंका मारल्यानी," ती म्हणाली. "आता फुडल्याक सलाम करतत आनी पाठल्याक धरतत. ह्या तुमका कळाक होया होता. माका खंयसून कळतला?"

तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"सरकार बारीक करूचा म्हणतास. तुमका ता बारीकच आसा, भाईनू. तुमच्या म्होरे वाकता, च्या पाजता, कागद हातात देता. मोठा आसा ता आमका."

तिने सूप उचललं, कोंडा कोंबड्यांपुढे टाकला आणि आत गेली. पिशवी आणि परवाना तिथेच राहिले. अंधार पडेपर्यंत भाई उठले नाहीत, मग मीच पिशवी उचलली आणि त्यांना घरी आणलं. त्या रात्री मला त्यांची दया आली आणि रागही आला. 

त्यानंतर भाईंनी कुंपणाची गोष्ट मला पुन्हा सांगितली नाही. मी एकदोनदा मुद्दाम उकरून काढायला गेलो, तर ते कंदिलाच्या काचा पुसायला लागले. मे महिन्यात त्यांनी चांगलं निवडक बियाणं मिळवलं आणि आनंदीबाईंच्या हाती तुळसाकडे पाठवलं. तुळसाने आनंदीबाईंना पाट दिला, पाणी दिलं, सीताच्या मुलाचं कौतुक सांगितलं, आणि निघताना बियाण्याची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. दुसऱ्यांदा भाई स्वतः गेले. तेव्हा ती घराबाहेर आलीच नाही.

मिरग लागायच्या आधी ती शेतकी सोसायटीच्या दारात रांगेत उभी राहिली. अंगठा उठवला, आणि सरकारी बियाणं उधारीवर घेऊन आली. बाळाने ही बातमी आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात भाईंच्या दुकानासमोर सांगितली.

त्या साली तिचं भात कमरेपर्यंत उभं राहिलं. आजूबाजूच्या कुणग्यांत तसं कोणाचंच नव्हतं. भाईंची रोज घरून बाजारात यायची वाट त्याच कुणग्यांच्या बांधावरून होती.